रुख्माच्या अंगणातली पंगत

दिवाळी आली की गोंदियाच्या बाजारात माणसाला पाय ठेवायला जागा नसे आणि खुशाल आचाऱ्याला मान वर करायला सवड नसे. शेठजींच्या मिठाईच्या दुकानामागे पत्र्याची लांबट पडवी होती. तिथे ओळीने भट्ट्या धगधगत असत आणि मधल्या, सगळ्यांत मोठ्या भट्टीपुढे खुशाल उभा असे. कमरेला गमछा, हातात झारा आणि अंगभर घाम. सारं जग नवे कपडे घालायचं तेव्हा हा पेटीतला सगळ्यांत जुना सदरा शोधून काढायचा. लोकांनी दारात दिवे लावले की याच्या भट्टीत आणखी दोन लाकडं सरकायची. फटाके त्याला ऐकू यायचे, पण बाजारातली रोषणाई त्याने इतक्या वर्षांत एकदाही धड पाहिली नव्हती.

तरी तो कुरकुर करणाऱ्यांतला नव्हता. तुपातून बालूशाही फुलून वर यायला लागली की त्याला आतून बरं वाटायचं. गिऱ्हाईक पुडा हातात घेऊन तिथेच एक तुकडा तोंडात टाकायचं आणि डोळे मिटायचं, हे तो पडवीच्या फटीतून बघायचा आणि पुन्हा कामाला लागायचा.

लोकांना वाटायचं, खुशालची काय चंगळ असेल! दिवसभर गोडाधोडाच्या राशीत उभा! खरी गोष्ट अशी होती की त्या दिवसांत खुशालच्या पोटात अन्नच जात नसे. तूप, पाक, बेसन आणि धूर यांचा वास नाकातून पोटात उतरायचा आणि तिथेच ठाण मांडून बसायचा. भूक लागायची, पण समोर ताट आलं की घशाशी यायचं. वाटीभर पेज आणि मिठाचा खडा, एवढ्यावर त्याची दिवाळी निघायची.

भाऊबीज झाली की शेठजी म्हणायचे, "जाओ खुशाल, अब तुम्हारी दिवाली." मग कढया घासून पालथ्या घालायच्या आणि खुशालने आपल्या गावाची, कामठ्याची वाट धरायची. दिवाळी सरली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, पाळणे येतात, दंडारीच्या खेळातले नाचे रंगून उभे राहतात, घराघरांत पाहुणे उतरतात. कामठ्याच्या मंडईचा दिवस हाच खुशालचा सण. दिवाळी म्हणा, दसरा म्हणा, सगळं त्या एका दिवसात.

आणि नेमक्या त्याच दिवशी दरसाल त्याच्या घरात काहीतरी बिनसायचं.

त्याची बायको रुख्मा कामठ्याला राहून शेती बघायची. पोरगी प्रेमिला लग्न होऊन मुर्रीला गेल्यापासून घरात ती एकटीच. नवरा येणार म्हणून रुख्मा आदल्या दिवसापासून चुलीपुढे बसायची. करंज्या, अनारसे, वडे, पुऱ्या. तो आला की ताट वाढून समोर ठेवायची आणि दाराशी उभी राहायची. खुशाल एक करंजी मोडायचा, तिचे तुकडे ताटात इकडेतिकडे करायचा आणि हळूच म्हणायचा, "थोडा भात असन तं दे."

रुख्मा भात वाढायची. भाताचं भांडं जमिनीवर ठेवताना जो आवाज व्हायचा, तो खुशालला बरोबर समजायचा. मागच्या साली तर तिने म्हटलंच, "शेठच्या घरचं तूप खाऊन तुमची जीभ लय मोठी झाली. आमचं कायले आवडन आता?"

"तसं काही नाही," एवढंच बोलून खुशाल आडवा झाला होता. खरं काय ते कसं सांगायचं, हे त्याला सुचत नव्हतं. मोठमोठ्या बारातींची जेवणं त्याने बिनचूक उतरवली होती, पण बायकोला एक वाक्य सांगायचं तर जीभ टाळूला चिकटायची.

त्या साली खुशालच्या मनात वेगळंच आलं. गोंदियातल्या आचाऱ्यांत त्याचे तीन जिवलग होते. म्हातारा चैतराम लग्नकार्यातला मुख्य आचारी होता, दिवाळीत शेठलोकांच्या वाड्यांवर फराळ तळायचा आणि त्याच्या शब्दावर सगळे उठत-बसत. टेकचंद शेजारच्या गल्लीतला जिलेबीवाला. बोलणं हिंदी आणि हसणं सातमजली. भोजराज स्टेशनावर येणाऱ्या-जाणाऱ्या साहेब लोकांसाठी कटलेट आणि आम्लेट करायचा आणि चालताना साहेबासारखाच ताठ चालायचा. भाऊबीजेच्या संध्याकाळी चौघं चहा पीत बसले असताना खुशाल बोलून गेला, "यंदा माह्या गावच्या मंडईले चला न जी. माह्याच घरी जेवू."

"एक शर्त पर," टेकचंद म्हणाला. "झारे को हाथ नहीं लगाएँगे. कोई भी नहीं."

"मी तं चुलीकडे पाहनारही नाही," भोजराजने शपथच घेतली.

चौघांचं ठरलं. बाजाराला आलेल्या गावच्या माणसाबरोबर खुशालने घरी निरोप धाडला: तीन आचारी पाहुणे येत आहेत, जेवायला.

निरोप ऐकून रुख्माने कमरेला पदर खोचला. एक आचारी नाक मुरडायचा, ते काय कमी होतं, की आता चार येणार? "येऊ दे," ती शेजारच्या शामकलाला म्हणाली. "असं करून वाढते का बोटं चाटत गेले पायजेत." तिने शामकलाची मोठी परात मागून आणली, मोहाचं सरपण फोडून रचलं आणि दोन दिवस चूल विझू दिली नाही.

मंडईच्या दिवशी चौघं बैलगाडीतून उतरले तेव्हा उन्हं वर आली होती. वाटेत पिवळ्या पडलेल्या धानावरून गार वारा येत होता आणि म्हातारा चैतराम सुद्धा गाणं गुणगुणत होता. विहिरीवर आंघोळी झाल्या. अंगावर धुतलेले कपडे चढले. अंगणात घोंगडी अंथरली होती, तिच्यावर चौघं ऐसपैस बसले. लांब मंडईच्या मैदानात ढोलकी वाजू लागली होती.

"वा, खुशालभाऊ," भोजराज पाय पसरून म्हणाला. "आपल्याले कोनी वाढते, अन् आपन बसून खातो. याले म्हनते सन!"

तेवढ्यात घरातून तेलाचा वास आला.

चौघांच्या तोंडावरचं हसू एकदमच मावळलं. पाठोपाठ रुख्मा परात घेऊन बाहेर आली आणि पत्रावळी भरू लागली. टपोऱ्या करंज्या, जाळीदार अनारसे, बेसनाचे लाडू, लाखोरीच्या डाळीचे वडे, कढईतून नुकत्याच काढलेल्या पुऱ्या, मिरचीचे भजे. तुपातेलाची ऊब त्या पत्रावळींवरून सरळ चौघांच्या तोंडावर आली.

"भौजी, क्या बात है!" टेकचंद म्हणाला, पण त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. त्याने वडा उचलला, नाकाशी येताच श्वास रोखला आणि वडा पुन्हा खाली ठेवला. भोजराज करंजीचे तुकडे करून ते पत्रावळीभर पसरू लागला, म्हणजे खाल्ल्यासारखं दिसावं. खुशालने ते पाहिलं आणि त्याचे कान तापले. हीच युक्ती तो स्वतः याच घरात वर्षानुवर्षं करत आला होता. चैतराम मात्र हात न लावता नुसता बघत राहिला.

रुख्मा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. एक पुरी संपेना, एक लाडू फुटेना. शेवटी तिला राहवलं नाही. ती पुढे आली आणि पाहुण्यांची भीडभाड न ठेवता म्हणाली, "काय कमी पडलं जी? मीठ जास्त झालं, का तूप खवट हाय? चौघंही नुसते बसून राहिले. मोठे आचारी असान तुमी, पन दोन दिस मीही पाठ टेकली नाही."

खुशालला वाटलं, धरती फाटावी आणि आपण आत जावं. त्याने तोंड उघडलं, पण त्याआधी चैतराम बोलला.

"सूनबाई, बस खाली. रागावू नोको. करंजीची मुरड अशी बारीक मलेही जमत नाही, हे देवाशपथ सांगतो. पन आमी चौघं दसऱ्यापासून तेलाच्या धुरात उभे होतो. आता तळनाचा वास आला का पोट गळ्याशी येते. राजाच्या घरचं आनलं तरी तसंच होईन. तुह्या हाताचा दोष नाही, आमच्या धंद्याचा हाय."

चैतरामने जरा दबकत विचारलं, "घरी आंबाडी हाय का?"

"आंबाडी?"

"हो. आंबाडीची भाजी, तांदळाची चुरी टाकून. अन् नरम भात. संगं मिरचीचा ठेचा असन तं देवच पावला."

"और थोड़ा मट्ठा," टेकचंद कळवळून म्हणाला.

रुख्माने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. खुशाल घोंगडीची दशी ओढत होता.

"तुमचंही असंच हाय?"

"हो."

"दरसाल?"

"दरसाल."

"मंग सांगितलं काऊन नाही? तोंड नोतं का तुमाले? मी तं समजत होती का माह्या हातचं तुमच्या गळ्याखाली उतरत नाही!"

"तू पहाटपासून खपून करत होती," खुशाल पुटपुटला. "तुले कसं सांगू का पाहूनच मळमळते म्हनून?"

रुख्माने पदर तोंडाला लावला आणि तिचे खांदे हलू लागले. खुशाल घाबरून अर्धवट उठला. पण पदर बाजूला झाला तेव्हा ती हसत होती. डोळ्यांत पाणी होतं, पण हसत होती. "बाप्पा रे बाप्पा," ती म्हणाली, "येवढ्या वर्सांच्या करंज्या!" आणि कोयता घेऊन घरामागच्या वाडीत गेली. थोड्याच वेळात चुलीवर भात रटरटू लागला आणि शेजारच्या वैलावर आंबाडी चढली.

आता प्रश्न उरला पराती भरून पडलेल्या तळणाचा. तेवढ्यात शामकला विस्तव मागायच्या निमित्ताने आली. खरं तर गोंदियाचे चार आचारी एका अंगणात बसलेत, ही बातमी गल्लीभर झाली होती आणि ती बघायलाच आली होती. भरलेल्या पत्रावळी तशाच पाहून ती थबकली.

चैतरामने तिला विचारलं, "बाई, तुमचं जेवन झालं?"

शामकला हसली. "मंडईच्या दिवशी आमी कुठं जेवतो जी? पाहुने जेवतीन, मंग मानसं, मंग पोट्टे. मंग बोगनं खरडून पाहाचं, काही उरलं तं आमचं."

म्हाताऱ्याने मिशीवरून हात फिरवला. मग गुडघ्यावर हात टेकून उठला आणि त्याचा आवाज बारातीत लागायचा तसा लागला. "टेकचंद, पत्रावळ्या मांड. भोजराज, पान्याचे लोटे भर. बाई, गल्लीतल्या साऱ्या बायाईले बोलाव. आज पैली पंगत त्याईची."

"पर चाचा, अपनी शर्त?" टेकचंदने आठवण करून दिली.

"झाऱ्याले हात लावाचा नाही, असं ठरलं. वाढाले कोनी बंदी केली?"

रुख्मा ऐकून बाहेर धावली. "मामाजी, असं कसं? पाहुन्यानं वाढाचं अन् मी बसाचं? गाव काय म्हनन?"

"गावाले सांग, बुढ्यानं हट्ट केला."

गल्लीतल्या बायका आल्या खऱ्या, पण कुडाच्या आडोशाला घोळका करून उभ्या राहिल्या. एकमेकींना ढकलत होत्या, पुढे कोणी होईना. शेवटी शामकलाच पुढे झाली. "मी तं बसते बाई," म्हणत तिने पत्रावळीपुढे बसकण मारली. "असे वाढपी पुन्हा भेटतीन का?" मग एक बसली, तिच्याशेजारी दुसरी, आणि बघता बघता ओळ कुडापर्यंत गेली. रुख्मा सगळ्यांत शेवटी, अगदी टोकाला, अर्धी पाटावर आणि अर्धी उठायच्या तयारीत बसली.

आणि मग त्या चौघांनी वाढायला सुरुवात केली. टेकचंद "पुरी, पुरी, गरम पुरी!" असं ओरडत ओळीतून धावत होता, जणू शेठजींच्या वाड्यावरची पंगत होती. भोजराज साहेबांपुढे वाकायचा तसा प्रत्येकीपुढे किंचित वाकून पाणी ओतत होता आणि बायका पदरात तोंड लपवून हसत होत्या. चैतराम ओळीच्या तोंडाशी उभा राहून नजर ठेवत होता. कोणाची पत्रावळ रिकामी दिसली की बोट दाखवायचा. "त्या बाईले वडा! त्या बाईनं लाजून हात आखडला, तिले दोन वाढ!"

गंमत म्हणजे तळणाचा वास आता खुशालला तेवढा टोचत नव्हता. समोर कोणीतरी खात होतं, मिटक्या मारत होतं, आणि ते पाहायला मध्ये पडवीची फट नव्हती.

तो करंज्या घेऊन रुख्मापाशी आला आणि तिच्या पत्रावळीवर दोन ठेवल्या.

"नोको," ती म्हणाली.

पंगतीतला नकार आचारी कधी मानत नाही. खुशालने तिसरी ठेवली.

"नोको म्हनलं ना जी. मले गोड आवडत नाही."

खुशाल परात घेऊन तसाच उभा राहिला. "मंग दरसाल टोपलंभर करंज्या कोनासाठी?"

"तुमच्यासाठी. घरात दुसरं कोन हाय?"

"अन् मी नाही खाल्ल्या तं?"

"शामकलाच्या पोट्ट्याईले."

"अन् शामकलाले!" भरल्या तोंडाने शामकला ओरडली आणि सगळी ओळ खळखळून हसली.

खुशाल तिच्यासमोर उकिडवा बसला. हजारो माणसांना त्याने विचारलं होतं, आणखी काय वाढू, तिखट हवं की गोड. या एका माणसाला विचारायचं राहूनच गेलं होतं. त्याने आवाज खाली घेतला. "तुले काय आवडते?"

रुख्मा लाजत म्हणाली, "भजे. मिरचीचे. नाका-डोळ्यातून पानी येईन असे."

त्याने करंज्या उचलल्या आणि तिची पत्रावळ भज्यांनी भरली. ती खात होती आणि तो तिथेच बसून बघत होता. शेवटी चैतराम ओरडला, "ए खुशाल, बाकीच्या बाया उपाशी ठेवतो का?"

मध्येच शामकलाचा सासरा काठी टेकत आला. अंगणातला देखावा पाहून त्याची काठी हवेतच राहिली. "हे काय चालू हाय? बाया बसल्या अन् मानसं वाढून राहिले?"

"बसा जी," चैतरामने त्याला खाट दाखवली. "पुढच्या पंगतीत तुमचा नंबर." म्हातारा काहीतरी पुटपुटत खाटेवर बसला, तंबाखू मळत राहिला आणि चोरून अनारशांची परात किती उरली ते बघत राहिला.

बायका उठल्या. शामकलाच्या सासऱ्यालाही पोटभर मिळालं. मग घोंगडीवर पुन्हा चार पत्रावळी पडल्या आणि रुख्माने भाताची वाफाळती मूद वाढली. वर आंबाडीची भाजी, कडेला ठेचा, द्रोणात ताक. आंबट भाजीचा पहिला घास पोटात गेला तसा खुशालच्या तोंडाला पाणी सुटलं. किती दिवसांनी सुटलं होतं! टेकचंदने तीनदा भात मागितला. भोजराज साहेबी थाट विसरून बोटं चाटू लागला.

"भौजी," टेकचंद पोटावर हात ठेवून म्हणाला, "हमारी दिवाली तो अब हुई."

चैतरामने द्रोण तोंडाला लावून ताक संपवलं. मग विचार करत म्हणाला, "पुढच्या साली आपापल्या घरच्या बायाईले संगं आनू. माही बुढीही कधी पंगतीत बसली नाही."

"आना न जी," रुख्मा म्हणाली. "पन जेवनात काय करू, ते आता आधीच सांगून ठेवा. तोंड उघडून."

हा टोमणा कोणाला होता ते सगळ्यांना कळलं. खुशालने ठेच्याचं बोट चाटलं आणि मान डोलावली.

उन्हं कलायच्या आत सगळे मंडईत गेले. मैदान माणसांनी फुललं होतं. दंडारीच्या नाच्याभोवती टेकचंद आणि भोजराज गर्दी सारून पुढे घुसले. चैतराम ओळखीच्या एका गावकऱ्याबरोबर पान खात बसला. खुशाल आणि रुख्मा मात्र गर्दीतून दोघंच फिरत राहिली. असं दोघांनी मिळून मंडईत फिरणं प्रेमिला लहान होती तेव्हा एकदा झालं असेल, नसेल. तेव्हाही खुशालचे डोळे झोपेने मिटत होते. आज पोट भरलं होतं आणि झोप कुठल्या कुठे गेली होती. वाटेत जिलेबीचं दुकान लागलं तेव्हा रुख्मानेच त्याचा दंड धरून लांबच्या वाटेने नेलं. कासाराकडे तिने हिरव्या बांगड्या भरल्या, खुशालने तिचा हात उजेडात धरून पाहिल्या आणि म्हणाला, "बऱ्या हायत."

"बऱ्या? नुसत्या बऱ्या?"

"चांगल्या हायत. लय चांगल्या हायत." आज तोंड उघडायचंच, असं त्याने ठरवलेलं दिसत होतं.

पुढे लाकडी पाळणा कुरकुरत फिरत होता. रुख्मा थांबली. खुशालला उंचावर गरगरतं, हे तिला ठाऊक नव्हतं. तेही त्याने आता लगेच सांगून टाकलं. ती म्हणाली, "मंग मले धरून बसा."

पाळणा वर चढू लागला तसे खुशालने डोळे घट्ट मिटले आणि तिच्या मनगटासकट नव्या बांगड्या मुठीत धरल्या.

"अवो, फुटतीन बांगड्या! डोळे उघडा जी. धान पाहा केवढं पिवळं झालं!"

खुशालने एक डोळा उघडला. खाली सगळी मंडई होती, मंडईपलीकडे कौलं, आणि कौलांपलीकडे उन्हात तांबूस झालेलं धान पार तळ्याच्या पाळीपर्यंत. पाळणा खाली येताना रुख्मा मोठ्याने ओरडली आणि लगेच हसायला लागली. मग त्याने दुसराही डोळा उघडला.